कर्ता ओळखा

मराठीत प्रयोग तीन. कर्तरी, कर्मणी आणि भावे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गेली एकोणीस वर्षे मराठी शिकवतो आणि दरवर्षी कधी ना कधी हा पाठ येतोच. व्याकरणाच्या पुस्तकांतली उदाहरणे ठरलेली. राम आंबा खातो. शिपायाने चोरास पकडले. हा राम दरवर्षी आंबाच का खातो, असे मुले विचारू लागली, तेव्हा आम्ही वर्गात वर्तमानपत्र न्यायला सुरुवात केली. पहिल्या पानावरचे एक वाक्य घ्यायचे, क्रियापद शोधायचे, त्याला ‘करणारा कोण?’ असे विचारायचे, की कर्ता सापडतो. सोपी पद्धत आहे. बी.एड.च्या सराव पाठात आम्हाला याच पद्धतीवर बरे गुण पडले होते.

राजकीय बातम्यांवर मात्र ही पद्धत चालत नाही. एकदा आम्ही फळ्यावर वाक्य लिहिले, ‘दोषींवर कठोर कारवाई केली जाईल.’ आठवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. “सर, इसमें कर्ता किधर है?” आम्ही सांगितले, हा नवीन कर्मणी प्रयोग आहे, इथे कर्ता अध्याहृत आहे. अध्याहृत म्हणजे काय? म्हणजे असतो, पण दिसत नाही. “मग सर, तो कारवाई कशी करणार?” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढचे वाक्य घेतले, तर त्यातही कर्ता नव्हता.

तेव्हापासून आम्हाला खोड लागली आहे. इशाच्या नमाजनंतर जेवणे होतात, टीव्ही लागतो आणि आम्ही पेन्सिल घेऊन बसतो. चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत. समिती नेमण्यात येईल. प्रकरणाची गंभीर दखल घेण्यात आली आहे. कोणाचीही गय केली जाणार नाही. एका बातमीपत्रात अशी बावीस वाक्ये मिळाली. बेगम म्हणतात, लोक माळ ओढतात, तुम्ही क्रियापदे मोजा. अब्बांना मात्र यात गंमत वाटते. ते सरकारी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेत. “तीस साल हमने येइच लिखा,” ते म्हणाले. “जिस काम का जवाब देना नै पडना, वो ‘करण्यात येत आहे’ में लिखते. और जिसपे सही करके शाबासी लेना है, वो ‘मी केले’ में.” आम्ही प्रयोगांवर इतकी पुस्तके वाचली, पण इतकी नेमकी व्याख्या कुठे मिळाली नाही.

भावे प्रयोगात एक प्रकार असा आहे की त्यात कर्ता नसतोच. ‘उजाडले.’ ‘सांजावले.’ कोण उजाडले? कोणीच नाही, आपोआप झाले. याला अकर्तृक भावे प्रयोग म्हणतात. पूर्वी हे मुलांना समजावताना घाम फुटायचा. २३ नोव्हेंबर २०१९ पासून हा प्रश्न मिटला. त्या दिवशी महाराष्ट्र झोपेतून उठायच्या आत राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी आठच्या सुमारास शपथविधी झाला आणि लोकांनी चहा हातात घेऊन टीव्ही लावला तेव्हा राज्याला सरकार होते. कोणी आणले? कसे आणले? उजाडले, बस. चार दिवसांत ते गेले. सांजावले.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सामान्यज्ञानाचा फलक आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री. पूर्वी ही नावे ऑइल पेंटने लिहीत. नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२४ या पाच वर्षांत मुख्यमंत्रिपदाची शपथ चार वेळा झाली, तेव्हापासून आमचे हेडमास्तर मुख्यमंत्र्यांचे नाव खडूने लिहायला सांगतात. नागरिकशास्त्राचे सर तर फारच दुःखी आहेत. पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली झाला, हे त्यांनी शिकवायचे, आणि मग मुलांनी विचारायचे की सर, शिवसेना कोणती आणि राष्ट्रवादी कोणती? सर म्हणतात, पोरांनो, परीक्षेत फक्त साल विचारतील, ते पाठ करा.

असो. हे सगळे हसण्यावारी नेता येते. आपण मराठी माणसे मुळातच सोशीक, त्यात मुसलमान, म्हणजे दुप्पट सोशीक. पण पेन्सिल हातात असली की एक गोष्ट हळूहळू दिसू लागते. कर्ता सगळीकडूनच गायब झालेला नाही. काही ठिकाणी तो चांगला ठळक असतो, फोटोसकट असतो.

पैसे वाटायचे असले की कर्ता लगेच हजर होतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी लाडक्या बहिणींना महिना पंधराशे रुपये सुरू झाले. जाहीरनामे आले तेव्हा एका बाजूने एकवीसशे सांगितले, दुसऱ्या बाजूने तीन हजार. बेगम म्हणाल्या, हा लिलाव चालू आहे का, पंधराशे एक बार, एकवीसशे दो बार? फलकांवर देणाऱ्यांचे चेहरे एवढे मोठे, की घेणाऱ्या बहिणीला फलकाच्या एका कोपऱ्यात कसेबसे उभे केलेले. सगळी वाक्ये कर्तरी. आम्ही दिले, आम्ही देतो, आम्हीच देणार. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या आपांना आम्ही विचारले, तुम्हाला काय वाटते? आपा म्हणाल्या, “सर, दे रहे सो ले रई. पर हरेक आके बोलता मैंने दिया. इत्ते जनोंने दिया तो पैसा इत्ता कम कैसा?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या पंधराशेत त्यांच्या नातवाची फी जाते, हेही खरे आहे आणि ते आम्ही कमी लेखत नाही.

दुसरी जागा आरोपांची. तिथे कर्ता नुसता ठळक नसतो, लाल अक्षरांत असतो. २०२० चा मार्च-एप्रिल आठवा. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाला रोज रात्री एक कर्ता मिळाला. रोग कोणी आणला? यांनी. पसरवला कोणी? यांनी. ‘कोरोना’ आणि ‘जिहाद’ या दोन शब्दांचा समास करून टाकला काही वाहिन्यांनी. तो समास व्याकरणाच्या कोणत्या नियमात बसतो ते आम्हाला अजून कळलेले नाही. त्या दिवसांत आमच्या गावातल्या एका हातगाडीवाल्याला एका वसाहतीत शिरण्याआधी नाव विचारले गेले. (पाहा, आम्हीही ‘विचारले गेले’ लिहिले. कोणी विचारले ते आम्हाला माहीत आहे. त्यांची मुले आमच्या मित्राच्या शिकवणीला येतात. शेजारधर्म म्हणून कर्ता अध्याहृत ठेवतो.) त्याने खरे नाव सांगितले आणि टोमॅटोची गाडी परत आणली. चार दिवसांत टोमॅटो सडले.

पुढे काय झाले? २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एकोणतीस परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. निकालात स्पष्ट म्हटले की मरकजला आलेल्या परदेशी पाहुण्यांविरुद्ध माध्यमांतून मोठा प्रचार झाला, आणि संकटाच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधते, तसे या लोकांना निवडले गेले असण्याची शक्यता दिसते. हे आमच्या मराठवाड्यातल्या न्यायालयाचे शब्द आहेत. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती, पहिली पाने बाप्पांच्या आगमनाने भरलेली होती आणि ते रास्तच होते. आम्ही आतली पाने चाळली. बातमी होती. आमच्या तळहाताने झाकली जाईल एवढी. रात्री ज्या वाहिन्यांनी दोन महिने ओरडून सांगितले होते, त्यांच्याकडून आम्हाला एकच वाक्य ऐकायचे होते, ‘आम्ही चुकीचे सांगितले.’ प्रथमपुरुषी, कर्त्यासह. टीव्हीसमोर आठवडाभर बसलो. अब्बा म्हणाले, सो जाओ.

तिसरा प्रकार सर्वांत हुशारीचा आहे आणि तो आम्हाला २०२४ च्या प्रचारात नीट कळला. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांची घोषणा महाराष्ट्रात आली, ‘बटेंगे तो कटेंगे.’ आता हिंदी आमची रोजची. ‘काटना’ला कर्ता लागतो, कोण कापतो ते सांगावे लागते. ‘कटना’ला लागत नाही. कापणाऱ्याचे नाव वाक्यात कुठेच नाही. निवडणूक आयोगाने भिंग लावून पाहिले तरी कोणा समाजाचे नाव सापडणार नाही. पण सभेतल्या लहान पोरालाही रिकामी जागा कशाने भरायची ते कळते. आमच्या वर्गात ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नाला दोन गुण असतात. इथे सत्ता असते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायद्यात धर्माच्या नावावर मते मागणे हे भ्रष्ट आचरण आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ही बंदी आणखी कडक केली. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येत नाही. वाचून बरे वाटते. पण त्याच्या आधी, डिसेंबर १९९५ मध्ये, मनोहर जोशींच्या निवडणुकीचा खटला याच न्यायालयात निकाली निघाला होता. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, असे ते १९९० च्या प्रचारसभेत बोलले होते. न्यायालयाने त्या विधानाबद्दल नापसंती दाखवली, पण म्हटले, एवढ्याने धर्माच्या नावावर मत मागितले असे होत नाही, ही फार तर एक आशा आहे. निकाल आला तेव्हा जोशी सर मुख्यमंत्री होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि आम्हाला काही कळत नव्हते. आता वाटते, राजकारण्यांनी त्या निकालातून भविष्यकाळ कसा वापरायचा ते बरोबर उचलले. मागायचे नाही, नुसते ‘होईल’ म्हणायचे.

आमच्या बाजूचे लोक या कलेत मागे आहेत असे कोणी समजू नये. रमजानमध्ये इफ्तारला येणारे नेते आठवा. टोपी डोक्यावर नीट बसत नाही, खजूर उजव्या हातात की डाव्या याचा गोंधळ, आणि आल्या आल्या ‘खुदा हाफिज’. त्यांचे सोडा, पाहुणे आहेत. पण आपलेच कौमचे रहनुमा? माइक हातात आला की एक शेर, तोही वजनाबाहेर गेलेला, आणि मग ‘आपका हक़ दिलाया जाएगा’. हे वाक्य आम्ही किमान दहा निवडणुकांत ऐकले. ‘दिलाया जाएगा.’ उर्दूत याला फेल-ए-मजहूल म्हणतात, म्हणजे ज्या क्रियेचा करणारा अज्ञात आहे ती. मजहूल या शब्दाचा अर्थच अज्ञात. उर्दू व्याकरणकारांना दाद द्यायला हवी.

त्या ‘हक़’ची कहाणी एकदा सनावळीसह सांगून टाकतो, कारण घराघरांत ती अर्धवट माहीत आहे.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. राज्यात डॉ. महमूदूर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. मुसलमानांचे शिक्षण, नोकऱ्या, कर्ज, घरे, सगळे आकड्यांत मांडले होते. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते आणि ते १९९९ पासून होते. त्यांना जाग आली २०१४ च्या जूनमध्ये, विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर असताना. जुलैमध्ये अध्यादेश निघाला. मराठा समाजाला सोळा टक्के, आणि मुसलमानांतल्या पन्नास मागास गटांना पाच टक्के, विशेष मागास प्रवर्ग-अ म्हणून. आमच्या शाळेच्या ऑफिससमोर दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. आजोबांचा दाखला, वडिलांचा निर्गम उतारा, जातीची नोंद. जुन्या जनरल रजिस्टरमध्ये बहुतेकांच्या नावापुढे नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले. पाने उलटून उलटून आमची बोटे काळी झाली. एका पालकाने, गॅरेजवर काम करणाऱ्या माणसाने, तीन आठवडे मजुरी बुडवून मुलीचे प्रमाणपत्र काढले आणि लॅमिनेट करून घेतले.

ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, सरकार बदलले. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुसलमानांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणालाही दिली, पण शिक्षणातले पाच टक्के चालू ठेवले. म्हणजे न्यायालयात जे टिकले ते फक्त आमचे शिक्षणाचे पाच टक्के होते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नव्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. त्यांच्या मुलांनाही शिकायचे आहे, आमची त्याला तक्रार नाही. मुसलमानांच्या अध्यादेशाचे विधेयक आलेच नाही. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेशाचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. सरकारी मराठीत त्याला म्हणतात, ‘अध्यादेश व्यपगत झाला.’

आम्ही हे वाक्य खूप दिवस घेऊन बसलो. प्रयोग कोणता? कर्तरी! कर्ता कोण? अध्यादेश! इतकी वर्षे शोधत होतो तो कर्ता मिळाला. अध्यादेश स्वतःच गेला, बिचारा. कोणी मारला नाही, कोणी औषधाविना ठेवला नाही. ज्यांनी काढला ते म्हणतात, आम्ही काढला होता. ज्यांनी पुढे नेला नाही ते म्हणतात, काढणाऱ्यांनी घाईत काढला होता. पुढे जुने काढणारे पुन्हा सरकारात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये अल्पसंख्याक मंत्र्यांनी सभागृहात सांगितले, पाच टक्के देणार. काही दिवसांत मुख्यमंत्री म्हणाले, असा प्रस्ताव आमच्यासमोर आलेला नाही. मग कोरोना आला, आणि पुढे सरकारच गेले. मधल्या काळात गॅरेजवाल्याच्या मुलीने बारावी केली. डी.फार्म.ला खासगी कॉलेजच्या फीचा आकडा पाहून घरी बसली, आता दोन लेकरांची आई आहे. प्रमाणपत्र त्यांच्या शोकेसमध्ये अजून आहे. लॅमिनेशन चांगले होते.

या सगळ्यावर टीव्हीत एक तास तरी कोणी बोलले आहे का? आमच्या पाहण्यात नाही. बुरखा, भोंगा, कबर, गावांची नावे यांवर बोलले. रोज बोलतात. आम्ही इतके दिसतो टीव्हीवर, की कधी कधी वाटते या राज्यात आमच्याशिवाय कोणी राहतच नाही. आमचे नाव सतत बातमीत असते, आमचे काम कधीच नसते.

नावावरून आठवले. शिक्षकाला शिकवणे सोडून बाकी सगळी कामे असतात. त्यात आम्ही आमच्या भागाचे बीएलओही आहोत, म्हणजे मतदारयादीची घरोघर पडताळणी करणारे. मुसलमान वस्तीत हे काम म्हणजे लिपीशी कुस्ती. एकच नाव आधार कार्डावर मोहम्मद, शाळेच्या दाखल्यावर महंमद, यादीत मुहंमद. आमच्याकडे ‘शेख अमुक शेख तमुक’ असे नाव लिहायची पद्धत; संगणक पहिला शेख नाव समजतो, दुसरा आडनाव, आणि मधला माणूस गडप होतो. उर्दू जाणणारा माणूस हातात पेन घेऊन असला तर निम्मे घोटाळे जागेवर सुटतात. म्हणून आम्ही हे काम कुरकुरत का होईना, करतो.

गेल्या खेपेला एका गल्लीत सत्तरी ओलांडलेल्या एक खाला भेटल्या. त्यांनी बांगडीच्या डब्यातून मतदान कार्ड काढले. घर तेच, नाव तेच, दर निवडणुकीला मत दिलेले. यादीत नाव नाही. आम्ही मोबाइलवर पाहिले, छापील यादीत पाहिले आणि म्हणालो, “खाला, तुमचे नाव वगळण्यात आले आहे.”

“निकाले करके समझा बेटा. पर किनने निकाला?”

आम्ही कार्यालयात विचारले. उत्तर मिळाले, यादी वरून तशीच आली. वर विचारले, तर म्हणाले खालून तशी गेली. गल्लीतली आणखी चौदा नावे अशीच निघाली, त्यात दोन भावांतला एक आहे, एक नाही. एका नवऱ्याचे नाव आहे, बायकोचे नाही. तिने तेवढ्यातल्या तेवढ्यात नवऱ्याला ऐकवले, बघा, सरकारनेही तुमचाच संसार धरला. खाला मात्र हसल्या नाहीत. कार्ड परत डब्यात ठेवताना त्यांनी विचारले, “बेटा, नाव नै तो घर तो रहता ना?” आम्ही म्हणालो, खाला, त्याचा घराशी काही संबंध नाही, हे फक्त मतदानाचे आहे. त्यांना ते पटले की नाही, सांगता येत नाही. रोज रात्री त्यांच्या घरातही टीव्ही चालतो.

नाव पुन्हा घालायला नमुना सहा लागतो, नावातली चूक सुधारायला नमुना आठ. सोबत एक फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. खालांच्या लेकाने झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. पंधरा कोरे नमुना सहा आमच्या पिशवीत आहेत. रविवारी जोहरनंतर आम्ही त्या गल्लीत जाणार आहोत.